एकच टक

चावी फिरवली की बॉनेटखाली कुठेतरी एक आवाज व्हायचा. टक. पुढे काही नाही. डॅशबोर्डवरचे दिवे लागलेले, वायपर फिरतोय, हॉर्न खणखणीत, आणि इंजिन ढिम्म. ओटीवर खुर्चीत बसलेले अण्णा तिथूनच विचारायचे, “एकच वाजला ना गं बाय? का मागून बारीक बारीक टकटकतंय?”

“एकच.”

“मग बॅटरी नव्हे ती.”

जूनच्या अखेरीपासून ते हेच सांगत होते. मी मात्र बॅटरी बदलून आणली होती.

अण्णा एसटीच्या रत्नागिरी आगारात ३१ वर्षं इलेक्ट्रिशियन होते. आता ८१ वर्षांचे आहेत. काचबिंदूने नजर बहुतेक नेली. दारात उभा राहिलेला माणूस त्यांना उजेडातल्या सावलीएवढाच दिसतो, ओळखतात ते चपलांच्या आवाजावरून. मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. आमची छोटी पेट्रोल गाडी नऊ वर्षांची आहे. घर मांडवीच्या जवळ, म्हणजे समुद्राचा खारा वारा बारा महिने आणि वर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस. लोखंडी गजांपासून कपाटाच्या बिजागऱ्यांपर्यंत इथे सगळ्याला गंज धरतो, त्याची आम्हाला सवय आहे. गाडीच्या आतही तेच चाललं असणार हे सुचायला मात्र तीन आठवडे लागले.

अण्णांच्या हिशेबात सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी विजेची मोटर, न लागण्याचे आवाज चार. शिलाई मशिन चालावं तसं टकटकटकटक वाजलं, तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा तिचं टर्मिनल सैल. सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक, दांडा ओढतो, मोटरीला करंट मिळतो, त्या ओझ्याखाली बॅटरीचा व्होल्टेज बसतो, सोलेनॉइडची ओढ सुटते, स्प्रिंग दांड्याला मागे फेकते, ओझं उतरल्यावर व्होल्टेज पुन्हा वर येतो आणि परत पहिल्यापासून सगळं. दुसरा आवाज ‘घूंऽऽ’, म्हणजे मोटर मोकळीच फिरतेय, तिचं पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या, फ्लायव्हीलच्या, दातांत बसत नाही. तिसरा म्हणजे काहीच नाही, ठार शांतता. तेव्हा चावीच्या बाजूने शोधायचं: फ्यूज, रिले (बारीक करंटवर चालणारा स्विच), क्लच दाबल्यावर जोडला जाणारा स्विच, हल्लीच्या गाड्यांत चावी न ओळखणारा इमोबिलायझर. रिलेचा संशय असेल तर शेजारचा त्याच जातीचा रिले काढून तिथे लावून बघावा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि चौथा, एकच टक.

हा आवाज बरंच काही सांगतो. सेल्फच्या पाठीवर बसलेला सोलेनॉइड दोन कामं करतो. आतला दांडा ओढून तो पिनियनला फ्लायव्हीलच्या दातांत ढकलतो आणि त्याच ओढीच्या शेवटी तांब्याचे दोन जाड कॉन्टॅक्ट जोडून बॅटरीचा करंट मोटरीत सोडतो. टक हा त्या दांड्याचा आवाज. तो आला म्हणजे चावी, फ्यूज, रिले आणि तिथपर्यंतच्या बारीक वायरी आपापलं काम करताहेत. म्हणजे अर्धी गाडी संशयातून सुटली. उरतं ते जाड वायरींचं सर्किट: बॅटरी, लाल केबल, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, मोटरीचे कार्बन आणि आर्मेचर, मोटरीचं अंग, इंजिन, आणि इंजिनापासून काळ्या केबलने परत बॅटरी.

मी बॅटरी बदलली ती मात्र दुकानातल्या मुलाच्या सांगण्यावरून. “चार वर्षं झाली मॅडम, गेलीच समजा.” नवी बसवली, गाडी चालू झाली. दोन दिवसांनी परत टक. मग दुसऱ्या गॅरेजवाल्याने सेल्फ खाली उतरवला, कार्बन बदलले, बुश बदलले, ग्रीस भरलं. चार दिवस गाडी व्यवस्थित. पाचव्या दिवशी कॉलेजच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी सहा वाजता, धो धो पावसात, टक. मुलांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली आणि मी इंजिन बंद न करता घरी आले. गॅरेजवाला म्हणाला, आता चावीचा स्विच बदलू. तेव्हा मी थांबले. टक येतोय म्हणजे स्विच चांगला आहे, हे अण्णा ओटीवरून मला सांगत होते, आणि बारावीच्या मुलांना सर्किट शिकवणारी मी ते पैसे देऊन खोडून काढत होते.

दोन्ही वेळा गाडी थोडे दिवस का चालली, याचं कारण नंतर कळलं. बॅटरी काढताना आणि सेल्फ उतरवताना ज्या एका केबलला हात लागत होता, तिचंच दुखणं होतं. हलवली की ती थोडी जुळायची. दुरुस्ती झाली असं सगळ्यांनाच वाटायचं.

रविवारी सकाळी उघडीप मिळाली. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर शनिवारीच घरी आणून ठेवला होता. अण्णांची खुर्ची आम्ही गाडीपाशी, पन्हळीचं पाणी पडणार नाही अशी लावली. लेक चावीवर. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. बॉनेट उघडलं तसे अण्णा म्हणाले, “हातातल्या बांगड्या काढ.”

बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे मला माहीत होतं. अण्णांनी उजवा हात पुढे केला. करंगळीशेजारच्या बोटाला गोल, गुळगुळीत, फिकट वळ आहे. लहानपणापासून मी तो पाहत आले, मला तो अंगठीच्या सवयीचा वाटायचा. एसटीच्या गाडीत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पाना धरलेल्या हाताची अंगठी टर्मिनल आणि चासीच्या मध्ये आली. अंगठी लाल झाली. ती कापून काढावी लागली. त्यानंतर त्यांनी बोटात कधी काही घातलं नाही. मी बांगड्या काढून त्यांच्या ओंजळीत दिल्या.

पहिली परीक्षा मीटरशिवाय. हेडलाइट लावायचे आणि चावी फिरवायची. दिवे पार विझत आले तर बॅटरी किंवा तिचे सांधे. दिवे तसेच झगझगीत राहिले तर करंट मोटरीपर्यंत जातच नाही. आमचे दिवे शेडच्या भिंतीवर पडले होते. टक झाला आणि उजेड किंचित पिवळा झाला, इतकंच. करंट जात होता, पण पुरेसा नाही.

मग मीटर. अण्णांचा एक नियम होता, तो मी आता वर्गातही सांगते: मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटावरच टेकवायची, क्लॅम्पवर नाही. खुंट आणि क्लॅम्प यांच्यातल्या सांध्यातही दोष असू शकतो, आणि क्लॅम्पवर टेकवलं की तो सांधा मोजणीतून निसटतो.

नुसत्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट. शिशाच्या बॅटरीचे सहा सेल, प्रत्येकी २.१, म्हणजे पूर्ण भरलेली. लेकीने चावी फिरवली, टक, काटा नसलेल्या त्या मीटरवर ११.६. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेला असता तर बॅटरीला दोष दिला असता. बॅटरी संशयातून सुटली. आता एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर. चावी. ०.२. लाल केबल चांगली, ०.५ पर्यंत चालतं. ती सुटली.

“आता मायनसवरून इंजिनाला लाव,” अण्णा म्हणाले. “रंग असेल तिथे नको. उघडा बोल्ट बघ.”

चावी. टक. ५.८.

मी आकडा मोठ्याने वाचला आणि दोघंही काही बोललो नाही. तिथे ०.२ च्या पुढे काही दिसायलाच नको. बॅटरीचा मायनस आणि इंजिन ही विजेच्या दृष्टीने एकच जागा असायला हवी. अण्णांनी तोंडी हिशेब केला: अकरा पॉइंट सहातून दोन दशांश गेले, मग पाच पॉइंट आठ गेले, सेल्फला उरले पाच पॉइंट सहा. बाराचा सेल्फ पाच पॉइंट सहावर कसा उचलणार? गुस्ताव किरखॉफने १८४५ मध्ये, विद्यार्थी असताना, मांडलेला नियम मी वीस वर्षं फळ्यावर लिहिते. बंद फेऱ्यातल्या व्होल्टेजची बेरीज जुळली पाहिजे. त्या दिवशी ती माझ्या दारात, पन्हळीखाली, दशांशापर्यंत जुळली. डोळ्यांत पाणी यावं असं त्यात काय होतं मला सांगता येत नाही, पण आलं.

“क्लचची केबल हाताने बघ.”

मी लेकीला आणखी दोनदा चावी फिरवायला लावली आणि केबलला हात लावला. चहाचा पेला बाहेरून लागावा तशी ऊब होती. इंजिन चालू झालेलं नाही, गाडी रात्रभर थंड, आणि क्लचची केबल गरम.

याचं कारण असं. इंजिन चासीवर रबराच्या फाउंडेशनवर बसवलेलं असतं, नाहीतर सगळा थरथराट अंगात येईल. रबर वीज नेत नाही. म्हणून इंजिनाला बॅटरीच्या मायनसशी जोडणारी वेगळी जाड केबल द्यावी लागते. आमच्या गाडीत मायनसपासून दोन फाटे निघतात, एक बॉडीला आणि एक गिअरबॉक्सला. बॉडीचा फाटा शाबूत होता, म्हणून दिवे, हॉर्न, वायपर सगळं ठणठणीत. गिअरबॉक्सचा फाटा गेला होता. सेल्फचा करंट परत यायला मिळेल ते लोखंड धरत होता, आणि इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणारं सलग लोखंड म्हणजे क्लचच्या केबलची तार. शंभर अँपिअर धरले तर ५.८ व्होल्ट म्हणजे ५८० वॅट, एका लहान इस्त्रीएवढी उष्णता, त्या परतीच्या वाटेत. महिन्यापूर्वी क्लच जड लागतो म्हणून आम्ही केबल बदलली होती. काढलेल्या जुन्या केबलचं आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलं होतं. मेकॅनिकने ते दाखवलं होतं, मी पाहिलंही होतं, आणि नवीन केबलचे पैसे देऊन घरी आले होते.

‘अर्थ’ हा शब्द मुलांची फार दिशाभूल करतो, असं मला तेव्हापासून वाटू लागलंय. घरच्या अर्थिंगसाठी आपण अंगणात खड्डा खणतो, मीठ-कोळसा घालतो, उन्हाळ्यात त्यात पाणी ओततो. सगळं ठीक असताना त्या वायरीतून काहीच वाहत नाही. ती वाईट दिवसासाठी असते. गाडीतला ‘अर्थ’ मात्र रोजचा. लाल केबलमधून जेवढा करंट जातो तेवढाच, एक अँपिअरही कमी नाही, काळ्या केबलमधून परत येतो. तरीही गाडी अडली की सगळे लाल वायरीमागे लागतात. काळी ती काय, नुसती अर्थ, असं म्हणून कोणी तिच्याकडे बघत नाही.

पण कोणी बघितलंच नाही, असंही म्हणता येणार नाही. दुसऱ्या गॅरेजमधल्या मुलाने ती केबल तपासली होती, माझ्यासमोर. मीटरची दोन टोकं केबलच्या दोन टोकांना लावली, बीप वाजला, “वायर चांगली आहे” म्हणाला. खोटं बोलला नाही तो. मीटर त्या तपासणीत अगदी नगण्य करंट सोडतो, आणि तेवढा करंट न्यायला तांब्याचा एक अख्खा धागा पुरतो. वाईट सांध्यालाही तो पुरतो. आमच्या परतीच्या वाटेचा रोध हिशेबाने ०.०५८ ओहम येत होता. साध्या मीटरची टोकं एकमेकांना टेकवली तरी त्याच्या स्वतःच्या वायरी ०.२-०.३ ओहम दाखवतात. गाडी अडवणारा दोष मीटरच्या चुकीपेक्षा लहान होता. शंभर अँपिअर वाहतात त्या दोन सेकंदांतच तो दिसू शकतो, आणि मोजायचं तेव्हाच.

सेल्फ ही गोष्टच मुळी त्या दोन सेकंदांसाठी जन्मली. अण्णा एसटीत लागायच्या आधी एका गॅरेजमध्ये होते, तेव्हा जीपला आणि जुन्या मोटारींना हँडल मारावं लागे. हँडलला अंगठ्याचा विळखा घालायचा नाही, अंगठाही बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं गेलं. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे, नाहीतर मनगट मोडतं. अमेरिकेत डेटनच्या चार्ल्स केटरिंग यांनी १९११ मध्ये विजेचा सेल्फ उभा केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकवर तो बसला. त्याआधी ते नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत दुकानाच्या गल्ल्याला मोटर बसवण्याच्या कामावर होते. गल्ला उघडणाऱ्या मोटरीला दिवसभर चालायचं नसतं, क्षणभर जोर काढायचा असतो. त्यामुळे ती लहान असली तरी चालते, तापली तरी लगेच विसावा मिळतो. गाडीचा सेल्फही तसाच. म्हणून चावी दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये त्याला निवू द्यावं.

एसटीच्या मुक्कामाच्या गाड्या ड्रायव्हर उतारावर लावायचे, हे कोकणात वाढलेल्या कोणालाही आठवेल. पहाटे सेल्फने दगा दिला तर ब्रेक सोडायचा, गाडी उताराला लागली की गिअर टाकायचा. अण्णांना त्या उतारावर लावलेल्या गाड्यांचा राग यायचा. उतार आहे म्हणून कोणी तक्रार लिहीत नाही, आणि तक्रार नाही म्हणून सेल्फ दुरुस्त होत नाही, असं ते म्हणायचे.

मलाही राग आला होता, त्याबद्दल लिहायला हवं. बॅटरीचे ४,६०० आणि सेल्फचे २,२०० गेले, त्याचं वाईट वाटलंच. पण जास्त लागलं ते हे की तीन ठिकाणी गाडी गेली आणि एकानेही चावी फिरलेली असताना मीटर लावला नाही. पाच मिनिटांचं काम होतं. अण्णांपाशी मी हे तणतणून बोलले, तर ते त्या मुलांच्या बाजूने बोलले. “तू पार्टाचे पैसे देतेस, गं. नुसतं बघितलं, मोजलं, आणि काही न बदलता दोष सांगितला, तर त्याला काय देशील?” मी गप्प राहिले. खरंच, “नुसतं बघायचे पाचशे?” असं मीच विचारलं असतं. मोजण्याला आपण मजुरी देत नाही, मग बदलणं हाच धंदा उरतो. डॉक्टरकडे आपण तपासणीचे पैसे देतो आणि औषध नको म्हटलं तर आनंदाने घरी येतो. वायरमनच्या डोक्याला तेवढी किंमत द्यायला आपण शिकलेलो नाही, आणि त्यात मी आहे.

उरलेलं काम झटपट झालं. शेजाऱ्यांकडून जंपर केबल आणली, तिचा काळा फाटा बॅटरीच्या मायनसवरून इंजिनाच्या उचलायच्या हुकाला लावला. लेकीने चावी फिरवली आणि इंजिन लागलं. अण्णांनी मान हलवली, बोलले काही नाही.

मग १० नंबरचा पाना घेऊन आधी मायनस सोडला. मायनस आधी सोडायचा आणि शेवटी जोडायचा, कारण तो सुटलेला असला की प्लसवर चालणारा पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. गिअरबॉक्सकडची केबल काढून अण्णांच्या हातात दिली. बाहेरून काळी, तुकतुकीत, कुठे तडा नाही. त्यांनी ती लगपासून, म्हणजे टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीपासून, चार बोटं अंतरावर वाकवली, कानाशी धरली आणि पुन्हा वाकवली. कुरकुर झाली. मी पात्याने तिथलं रबर चिरलं. आतून हिरवी पूड सांडली, तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो तशी, पण पार गाभ्यापर्यंत. धागे बोटाने चिमटले की तुटत होते. लगच्या तोंडातून खारं पाणी शिरलं असणार आणि रबरानेच ते आत धरून ठेवलं असणार. चकाकता असा एकच पुंजका राहिला होता, काडेपेटीतल्या काडीएवढा.

नवी केबल दुकानात मापाने करून घेतली, २५ चौरस मिलिमीटरची, दोन्ही टोकांना लग दाबून. बसवण्याआधी गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, आणि बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलिनचा थर दिला. अण्णांनी बोनेटवर एक हात टेकून, वाकून, दुसऱ्या हाताने लग चाचपला. डोळे मिटलेले होते. लग जरासा हलवून बघितला. हलला नाही.

मीटर लावला. चावी. ०.१.

इंजिन लागलं, आणि अण्णा म्हणाले, “बंद कर. परत लाव.” लेकीने लावलं. “परत.” तिसऱ्यांदा लागल्यावर तिने खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, “आजोबा, टक गेला ना आता?”

“जाईल कसा? दांडा तर रोजच आपटणार. मोटर फिरायला लागली की तिच्या आवाजाखाली दबतो.”

“मग ऐकू येत नाही तो.”

“मला आला,” अण्णा म्हणाले, आणि ओंजळीतल्या बांगड्या माझ्यापुढे धरल्या.